कापलेला डोळा आणि फेकलेली शाई

पडद्यावर एक माणूस वस्तऱ्याला धार लावतो. चंद्रावरून ढगाची पातळ रेघ सरकते आणि पुढच्याच क्षणी वस्तरा एका तरुणीच्या उघड्या डोळ्यावरून फिरतो. चित्रीकरणात वापरलेला डोळा मेलेल्या वासराचा होता. पण हे ठाऊक असलेला प्रेक्षकही मान फिरवतो. लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली या दोन स्पॅनिश तरुणांनी फ्रान्समध्ये निर्माण केलेल्या ‘अँदलुशियन कुत्रा’ या जेमतेम सोळा-सतरा मिनिटांच्या मूकपटाचा हा प्रारंभ. तळहातातून बाहेर पडणाऱ्या मुंग्या, पियानोंवर पडलेली मेलेली गाढवे अशी अस्वस्थ करणारी दृश्ये त्यात एकामागून एक येतात. त्यांना जोडणारी सरळ कथा मात्र नाही.

१९२९ च्या जून महिन्यात पॅरिसमध्ये झालेल्या पहिल्या खेळाला पिकासोसारखे कलावंत आणि शहरातील उच्चभ्रू मंडळी उपस्थित होती. बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोन वाजवीत होता. त्याच्याच आठवणीनुसार, प्रेक्षक अंगावर धावून आले तर असावेत म्हणून त्याने खिशांत दगड भरून ठेवले होते. ते तसेच राहिले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या आणि चित्रपट पुढे कित्येक महिने चालला. या यशाने तो सुखावला असेल असे वाटेल. परंतु ज्यांना हा चित्रपट सुंदर, काव्यमय वाटला त्यांच्यावर त्याने जाहीरपणे आगपाखड केली. धक्कासुद्धा पचविता येतो, एवढेच नव्हे तर मिरविताही येतो, हे त्याला बहुधा त्या टाळ्यांनीच शिकविले असावे.

दुसरा चित्रपट ‘सुवर्णयुग’. त्याचे भांडवल व्हायकाउंट द नोआय या सरदाराचे. या बोलपटात डोळा कापलेला नाही. त्यात एक थाटाची मेजवानी आहे. स्वयंपाकघरातून आगीचा लोळ उठतो, मोलकरीण कोसळते. पाहुण्यांच्या गप्पा खंडित होत नाहीत. दिवाणखान्यातून शेतकऱ्यांची गाडी निघून जाते, तिकडेही कोणी पाहत नाही. बाहेर रखवालदार स्वतःच्या लहान मुलाला गोळी घालतो. पाहुणे सज्जात येतात, क्षणभर पाहतात आणि आत परततात. मात्र यजमानीणबाईंच्या हातून पेय सांडल्यावरून त्यांच्या थोबाडीत बसते, तेव्हा सगळी मेजवानी खवळते.

१९३० मध्ये नोआय दांपत्याने आपल्या वर्तुळातील प्रतिष्ठितांसाठी या चित्रपटाचा खास खेळ ठेवला. येताना दारात हसून हस्तांदोलन करणारी मंडळी खेळ संपताच न बोलता घाईने निघून गेली, असे बुन्युएलने नोंदविले आहे. आदल्या वर्षी कापलेल्या डोळ्यापुढे तग धरणाऱ्या वर्गाला त्याचीच मेजवानी पाहवली नाही. ज्याच्या पैशावर हा आरसा तयार झाला, तो सरदारही त्याच वर्गातला, ही यातली गंमत.

३ डिसेंबर १९३० रोजी ‘स्टुडिओ २८’ या चित्रगृहात उजव्या गटांच्या लोकांनी पडद्यावर शाई फेकली, खुर्च्या मोडल्या आणि बाहेर मांडलेली दाली, मिरो, एर्न्स्ट यांची चित्रे फाडली. त्यांचा बाह्य आक्षेप धर्मनिंदेचा होता, आणि तो निराधार म्हणता येत नाही: अखेरच्या भागात एक लंपट उमराव चक्क येशूच्या वेषात अवतरतो. श्रद्धावानाला ते झोंबावे, हे स्वाभाविक आहे. परंतु हल्लेखोरांच्या घोषणांत ज्यूद्वेषही होता, त्याचा या चित्रपटातील एकाही दृश्याशी संबंध लावता येत नाही. संताप तयार होता. चित्रपट निमित्त झाला. आधी परवाना देणाऱ्या सरकारने आठवडाभरातच तो काढून घेतला. दंगल करणारे एका बाजूला, चित्रपट दुसऱ्या बाजूला. कात्री लागली ती चित्रपटाला.

बुन्युएल त्या वेळी पॅरिसमध्ये नव्हताच. तो हॉलिवूडला गेला होता. पॅरिसच्या चित्रगृहांत ‘सुवर्णयुग’ पुन्हा रीतसर प्रदर्शित झाला तो १९८१ मध्ये. तोवर दिग्दर्शकाने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.