हिंगापुढे सोडा का हरतो?

वोल्फ्सबुर्गमध्ये शेअरिंगच्या घरात फ्रिजचा एकच कप्पा आपला असतो, वास मात्र सगळ्यांचा. वासाचे रेणू चरबीत सहज विरघळतात, त्यामुळे आपला हिंग पहिल्यांदा जाऊन बसतो तो रूममेटच्या बटरमध्ये. मग स्वयंपाकघरात जरा अवघड शांतता!

घरी फोन केला की सल्ला ठरलेला: ‘सोड्याची वाटी ठेव.’ इथे तो ‘नाट्रोन’ म्हणून मिळतो. पण सोडा सौम्य अल्कली. नासलेल्या दुधातल्या आम्लांशी त्याचं जमतं. सुकटीचा वास मुख्यतः ट्रायमिथाइलअमीनचा, आणि ते स्वतःच अल्कली. सोडा त्याचं काय वाकडं करणार? तिथे व्हिनेगरच्या पाण्याने पुसून घ्यायचं. (बोंबलात आई कोकम घालते, त्यातही हेच रसायन आहे.) दोन्ही एकत्र मात्र करू नका. फेस झकास येतो, पण ती एकमेकांनाच संपवतात.

हिंगाचा वास गंधकाच्या डायसल्फाइडांचा. ती ना आम्ल, ना अल्कली. त्यांना पकडतो ॲक्टिव्हेटेड कार्बन, इथला ‘आक्टिफकोले’. फिशटँकच्या सामानात मिळतो. त्याच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचा पृष्ठभाग साधारण १००० चौरस मीटर भरतो, रेणू तिथे चिकटून राहतात.

तरीही वास येतोय? मागच्या भिंतीतलं पाणी जायचं भोक आणि दाराचं रबर बघा. तिथे सांडलेलं वरण आठवडेच्या आठवडे मुक्काम करतं.

आणि हिंगाला मुळात फ्रिज लागतच नाही. घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून कपाटात ठेवा. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतून वास बाहेर पडतोच.