अल्गॉलच्या आलेखावर विश्वास कशाच्या बळावर?

ययाती तारकासंघातला अल्गॉल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो. पाचेक तासांत त्याचे तेज जवळपास एकतृतीयांशावर येते आणि तेवढ्याच वेळात पूर्ववत होते. यॉर्कच्या जॉन गुडरिक या अवघ्या १८ वर्षांच्या कर्णबधिर तरुणाने १७८३ मध्ये ही नियमितता जगापुढे मांडली. भोवती फिरणारे एखादे मोठे पिंड ताऱ्याच्या आड येत असावे, असा तर्कही केला. असे ग्रहणकारी युग्मतारे साध्या दुर्बिणीतून एकच ठिपका दिसतात. हाती येतो तो फक्त बदलत्या प्रकाशाचा आलेख. त्या एका रेषेवरून संगणकावरचे मॉडेल ताऱ्यांचे आकार, तापमान आणि कक्षेचा कल सांगू लागते, तेव्हा शंका येणे रास्तच आहे: इतक्या अज्ञात राशी मोकळ्या सोडल्या, तर कोणतीही रेषा जुळवता येईल.

पण या रेषेचा प्रत्येक भाग वेगळ्या कारणाने घडतो. एका फेरीत दोन्ही तारे आळीपाळीने एकमेकांच्या आड येतात आणि आलेखात दोन खळगे पडतात. कक्षा वर्तुळाकार असेल तर या दोन्ही ग्रहणांत झाकले जाणारे क्षेत्रफळ सारखेच असते. म्हणून दोन खळग्यांच्या खोलीतला फरक मुख्यतः पृष्ठभागांच्या तेजातला, म्हणजे तापमानातला फरक असतो. अल्गॉलचे दुसरे ग्रहण डोळ्यांना कळतच नाही. जोएल स्टेबिन्स यांनी ते १९१० मध्ये सेलेनियमच्या प्रकाशमापकाने टिपले, आणि सोबती काळाकुट्ट नसून स्वतःही प्रकाशतो, हे सिद्ध झाले. ग्रहण किती वेळ चालते आणि उतार किती तीव्र आहे, यांतून त्रिज्या व कल बांधले जातात.

तरी शंकेतला एक भाग खराच आहे. आलेखातून त्रिज्या मिळतात त्या ताऱ्यांमधल्या अंतराच्या तुलनेत, किलोमीटरमध्ये नव्हेत. शिवाय अल्गॉलच्या जोडीला तिसरा तारा आहे. त्याचा प्रकाश मिसळून ग्रहण उथळ भासते, आणि तो हिशेबात धरला नाही तर चुकीचा कलही आलेखाशी छान जुळू शकतो. म्हणूनच नुसते जुळणे हा पुरावा नाही. वर्णपटातल्या रेषांच्या सरकण्यावरून वेग स्वतंत्रपणे मोजावे लागतात. तसे मोजून वस्तुमाने काढल्यावर अल्गॉलमध्ये अनपेक्षित चित्र दिसले: सूर्याच्या सुमारे ३.२ पट वस्तुमानाचा तारा अजून तरुण, तर जेमतेम ०.७ पट वस्तुमानाचा सोबती म्हातारा होऊन फुगलेला. जड तारा आधी म्हातारा होतो, या सिद्धांताच्या हे थेट विरुद्ध होते. मनाजोगते उत्तर काढून देणाऱ्या मॉडेलने अशी अडचण उभी केली नसती. सोबती मूळचा जड होता आणि त्याचे बरेचसे द्रव्य शेजाऱ्याकडे वाहून गेले, हा उलगडा त्यातूनच झाला. हीच दुहेरी पद्धत २० जोड्यांना लावून २०१९ मध्ये मोठ्या मॅजेलन मेघाचे अंतर सुमारे एक टक्क्याच्या अचूकतेने ठरवण्यात आले.