जयपूरची पदवी, लातूरचा वर्ग आणि नर्सिंगचे नियम

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागले की पंधराएक किलोमीटरवर कानोता येते. अशाच रस्त्यांवर, जयपूरच्या चहूबाजूंनी, गेल्या वीसेक वर्षांत खासगी विद्यापीठे आणि नर्सिंग कॉलेजे उभी राहिली. सबंध राजस्थानात खासगी विद्यापीठांची संख्या आता पन्नासच्या वर गेली आहे. महाराष्ट्राच्या सीईटीत सरकारी जागा हुकलेली मराठवाड्यातली मुलगी असो, की जीएनएम ही नर्सिंगची पदविका करून खासगी दवाखान्यात ड्यूटीला लागलेली आणि आता तिच्यापुढची पोस्ट बेसिक बीएस्सी ही पदवी करू पाहणारी नर्स असो, जयपूरचे नाव दोघींच्या कानावर येते ते बहुधा एजंटाच्या तोंडून. सांगणेही साधारण एकच असते: नोकरी सोडायची गरज नाही, गाव सोडायची गरज नाही, फक्त विद्यापीठ चांगले निवडा. या सांगण्यातला प्रत्येक तुकडा चुकीचा आहे, विद्यापीठाबद्दलचा तर सर्वांत जास्त. नर्सिंगमध्ये विद्यापीठाचे नाव हा निवडीचा शेवटचा मुद्दा आहे. आधी पाहायचे ते रुग्णालय, आणि तिथे आपण खरोखर किती तास उभ्या राहणार आहोत ते.

‘विद्यापीठाला यूजीसीची मान्यता आहे, म्हणजे पदवी चालणारच’ हा सगळ्यांत रुजलेला गैरसमज. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत नाव असले की विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे एवढेच सिद्ध होते. नर्स म्हणून काम करण्याचा अधिकार मात्र पदवीने मिळत नाही, तो राज्याच्या नर्सिंग परिषदेतल्या नोंदणीने मिळतो. नोंदणीसाठी कोणती अर्हता धरायची आणि अभ्यासक्रम काय असावा, हे १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय नर्सिंग परिषदेकडे आले. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये नवा कायदा केला, पण पदवी एकीकडे आणि नोंदणी दुसरीकडे ही रचना त्यातही कायम आहे. म्हणून प्रवेश घेताना विद्यापीठाची मान्यता पाहून थांबता येत नाही. त्या विशिष्ट कॉलेजाला, त्या विशिष्ट अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षी राज्य शासनाची आणि नर्सिंग परिषदेची परवानगी आहे का, आणि किती जागांची, हे पाहावे लागते. कॉलेजाच्या फलकावर मोठ्या अक्षरात विद्यापीठ लिहिलेले असते. नोंदणीच्या खिडकीवर विचारतात ते कॉलेजाचे नाव.

याच्याच पोटातला दुसरा गैरसमज अधिक नुकसान करतो: ‘वर्ग इथेच लातूरला, पदवी जयपूरची.’ यूजीसीने २००३ मध्ये खासगी विद्यापीठांसाठी केलेल्या नियमांनुसार अशी विद्यापीठे एकसंध असावी लागतात, म्हणजे बाहेरची कॉलेजे त्यांना संलग्न करून घेता येत नाहीत. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याच्या आधारे शंभराहून अधिक खासगी विद्यापीठे कागदावर उभी केली होती. प्रा. यशपाल यांनी त्याला आव्हान दिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्या तरतुदी रद्द करताना स्पष्ट केले की एका राज्याचा कायदा दुसऱ्या राज्यात विद्यापीठाची केंद्रे उघडू देऊ शकत नाही. तेव्हा राजस्थानच्या कायद्याने स्थापन झालेले खासगी विद्यापीठ महाराष्ट्रात नर्सिंगचा वर्ग भरवूच शकत नाही. असा वर्ग दिसला तर विद्यापीठाचा दर्जा तपासत बसण्याचेही कारण उरत नाही.

आता नोकरी आणि पदवी बरोबरीने चालवण्याकडे वळू. यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, हे खरे. तेवढे ऐकून अनेकांनी अर्थ काढला की जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग सोबत उरकता येईल, किंवा नोकरी सांभाळून नियमित पदवी घेता येईल. त्याच मार्गदर्शक सूचनांत दोन अटी आहेत: दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष उपस्थितीचे असतील तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, आणि व्यावसायिक परिषदेचे नियम लागू राहतील. या अटींचे वजन कळण्यासाठी तास मोजावेत. २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या बीएस्सी नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात आठ सत्रे आहेत, आठवड्याला ४० तासांप्रमाणे. शेवटच्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आठवड्याला ४८ तास, एकूण १,०५६ तास. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि पदवी मिळण्याआधी प्रात्यक्षिकांची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते. आजारपणात बुडलेली पोस्टिंगही भरून काढावी लागते. या वेळापत्रकात दुसऱ्या रुग्णालयातली पूर्णवेळ नोकरी किंवा दुसरा नर्सिंग अभ्यासक्रम बसवायला जागाच नाही. बसवलेला दिसत असेल तर हजेरीपट खोटा आहे. दूरस्थ पद्धतीने बीए करण्याची गोष्ट निराळी, कारण तिथे कुणाची नाडी मोजायची नसते.

अमेरिकेत असे चालते मग इथे का नाही, हा आक्षेप परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलींच्या घरात नेहमी निघतो. तिथल्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांची नर्सिंगची असोसिएट पदवी आणि विद्यापीठाची पूर्ण पदवी खरोखर एकाच काळात करता येते, अ‍ॅरिझोना राज्यात तर ही पद्धत चांगली रुजलेली आहे. पण तिथे वॉर्डातले शिक्षण कम्युनिटी कॉलेज प्रत्यक्ष हजर ठेवून देते, आणि विद्यापीठ त्यावर नेतृत्व, संशोधन, सार्वजनिक आरोग्य असे वरचे विषय शिकवते. वॉर्डातले तास कुणीच कमी केलेले नाहीत. उलट कॅलिफोर्नियाच्या नर्सिंग मंडळाचा नियम असा की एखाद्या विषयाचे वर्गातले शिक्षण आणि त्याच विषयाची वॉर्डातली पोस्टिंग एकाच काळात झालेली असली पाहिजे. ती वेगवेगळ्या काळात झाल्याचे दिसल्यामुळे फिलिपिन्समधून शिकून आलेल्या अनेक नर्सचे अर्ज तिथे अडले. मराठी कुटुंबातल्या ज्या मुली उद्या परदेशात नोंदणी मागणार आहेत, त्यांच्या गुणपत्रकांतून नेमके हेच तास काढून पाहिले जातील.

मग विद्यापीठांमध्ये निवड करायची कशी? नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जयपूरचे राजस्थान आरोग्य विज्ञान विद्यापीठ, एखादे अभिमत विद्यापीठ किंवा खासगी विद्यापीठ, सगळीकडे गाभ्याचा अभ्यासक्रम एकच, कारण तो भारतीय नर्सिंग परिषदेने ठरवलेला आहे. फरक पडतो तो रुग्णांमुळे. परिषदेच्या निकषांत बीएस्सीच्या कॉलेजाला किमान १०० खाटांचे स्वतःचे रुग्णालय, एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, सरासरी ७५ टक्के खाटा भरलेल्या, आणि संलग्न रुग्णालय १५ ते ३० किलोमीटरच्या आत, अशा अपेक्षा आहेत. कानोत्याच्या आसपासच्या एखाद्या कॉलेजाने जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयाचे नाव सांगितले तर अंतर निकषात बसेल. पण तिथे जयपूरच्या इतरही कॉलेजांच्या मुली येतात. म्हणून विचारायचे ते असे: त्या रुग्णालयाशी झालेला करार कोणत्या वर्षापर्यंतचा आहे, आपल्या तुकडीला कोणता वॉर्ड किती आठवडे मिळतो, रात्रपाळी लागते का, प्रसूतिकक्षात मुली फक्त पाहतात की हात घालतात, मनोरुग्णांच्या आणि बालरोगाच्या पोस्टिंगला कुठे नेतात. वरच्या वर्गातल्या मुलींची नोंदवही पाहायला मिळाली तर माहितीपुस्तिका वाचण्याची गरजही उरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, परवानगी दिलेली आहे म्हणजे हे सगळे तपासूनच दिले असणार. मध्य प्रदेशात काय झाले ते आठवावे. तिथल्या नर्सिंग कॉलेजांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की उच्च न्यायालयाला सीबीआय चौकशी लावावी लागली. तीनशेहून अधिक कॉलेजांच्या तपासणीत अनेक ठिकाणी मूलभूत सोयीच नसल्याचे निघाले, आणि मे २०२४ मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्यावरून सीबीआयच्याच अधिकाऱ्याला अटक झाली. या काळात तिथल्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा रखडल्या, वर्षे वाया गेली. कागद आवश्यक आहेत, पण पुरेसे नाहीत. पालकांनी एक दिवस काढून कॉलेजाच्या रुग्णालयात दुपारी बारा वाजता जावे आणि किती खाटांवर खरोखर रुग्ण आहेत ते पाहावे.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही दूर करायला हवा. राजस्थानातली पदवी महाराष्ट्रात चालत नाही, असे काही जण सांगतात. तेही खोटे आहे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या कायद्याखाली मान्य असलेली अर्हता देशभर मान्य असते. आधी राजस्थान नर्सिंग परिषदेत नोंदणी होते, मग तिथून ना-हरकत घेऊन महाराष्ट्र परिषदेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. वेळ लागतो, पण दार बंद नाही. जी मुलगी खरोखर जयपूरला राहून, तिथल्या वॉर्डांत हिंदी आणि ढुंढाडी बोलणाऱ्या रुग्णांची सेवा करून चार वर्षे शिकली, तिने आपल्या पदवीबद्दल मुळीच शंका बाळगू नये.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र पैशांचा आहे. घर चालवणाऱ्या जीएनएम नर्सला पगार सोडून दोन वर्षांची पोस्ट बेसिक पदवी घ्या म्हणणे हे पोट भरलेल्या माणसाचे बोलणे वाटेल, आणि ते तसे वाटण्यात अन्याय नाही. नर्सिंगला दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांतून यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी वगळले आहे. सेवेत असलेल्या नोंदणीकृत नर्ससाठी इग्नूने अनेक वर्षे चालवलेला पोस्ट बेसिक अभ्यासक्रम हा जवळपास एकमेव उघडा मार्ग राहिला आहे. तो किमान तीन वर्षांचा, दोन वर्षांच्या अनुभवाची अट असलेला आणि अभ्यासकेंद्रावर प्रत्यक्ष हजर राहायला लावणारा आहे. त्यात उतरण्याआधी त्या वर्षीची परवानगी आणि आपल्या राज्य परिषदेची भूमिका लेखी विचारून घ्यावी. ज्यांना तो जमत नाही त्यांनी रुग्णालयाकडे अभ्यासरजा मागावी, बंधपत्र लिहून का होईना. शिकलेली नर्स रुग्णालयाला हवी असते, तर तिच्या शिक्षणाचा काही भार रुग्णालयाने उचलावा ही मागणी नर्सच्या संघटनांनी लावून धरायला हवी. ती मान्य होईपर्यंतही घरबसल्या पदवी विकणाऱ्याला दिलेले पैसे परत येणार नाहीत, आणि त्या पदवीवर नोंदणीही होणार नाही.