तारापूरच्या नळीत बोरॉनचा तंतू का नाही?

तारापूर अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत प्रत्येकी ३९२ आडव्या नळ्या आहेत, सुमारे सहा मीटर लांबीच्या. आत युरेनियमचं इंधन आणि त्यावरून वाहणारं ३०० अंश सेल्सियसच्या आसपासचं जड पाणी, तेही वातावरणाच्या जवळपास शंभरपट दाबाखाली. वर्षानुवर्षं हे सोसताना नळी लांब होते, मधोमध किंचित झोळही धरते. भाराखाली धातूच्या या संथ ताणलं जाण्याला क्रीप म्हणतात.

मग धातूत चिवट तंतू का घालू नयेत, स्लॅबमध्ये सळया घालतात तसे? तसं केलंही गेलं आहे. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण शंभरेक अंशांपुढेच त्याचा क्रीप जाणवू लागतो. त्यात बोरॉनचे तंतू बसवले की बहुतेक भार तंतू उचलतात, धातू त्यांना धरून ठेवतो. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या सांगाड्यात अशा नळ्या होत्या.

उष्णता मात्र दोघांच्या सीमेवरच घाव घालते. तापमान ३०० अंशांनी वाढलं, तर मीटरभर ॲल्युमिनियम सुमारे सात मिलिमीटर वाढतं, तेवढाच बोरॉनचा तंतू दोनही नाही. पुन्हा पुन्हा तापून गार होताना ही ओढाताण सीमेवर साचत जाते. आणखी तापवलं, साधारण ५०० अंशांच्या घरात, की बोरॉन आणि ॲल्युमिनियमची अभिक्रिया होऊन ठिसूळ बोराइड तयार होतं आणि तंतू दुबळा पडतो. म्हणून त्याला सिलिकॉन कार्बाइडचा पातळ लेप देतात. मला तर या तंत्रातली खरी हुशारी तंतूपेक्षा त्या लेपातच दिसते.

तारापूरला हे चालत नाही, आणि त्याचं कारण उष्णता नव्हे. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो. केंद्राच्या पहिल्या दोन, १९६९च्या अणुभट्ट्यांत शृंखला-अभिक्रिया आवरायला बोरॉन कार्बाइडच वापरतात. तेच नळीत विणलं तर भट्टी पेटायचीच नाही! म्हणून या नळ्या अडीच टक्के निओबियम घातलेल्या झिर्कोनियमच्या. हा धातू १८५५ अंशांना वितळतो, त्यामुळे ३०० अंशांना तो खरं तर निवांत असायला हवा. पण न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचे अणू जागचे हलतात आणि क्रीप सुरू होतो. झुकलेली गरम नळी तिच्याभोवतीच्या दुसऱ्या, थंड नळीला टेकली, तर त्या जागी हायड्रोजन गोळा होऊन धातू ठिसूळ होतो. कॅनडात पिकरिंगला १९८३ साली अशीच एक नळी फुटली. दोन्ही नळ्यांच्या मधे स्प्रिंगची कडी बसवतात ती यासाठी.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर (२०११) तंतूंचा विचार वेगळ्या वाटेने परतला आहे. अतितप्त वाफेत झिर्कोनियम हायड्रोजन सोडतं. म्हणून इंधनाच्या आवरणासाठी धातूच वगळून सिलिकॉन कार्बाइडमध्ये त्याचेच तंतू विणून पाहिले जात आहेत. सिलिकॉन कार्बाइड न्यूट्रॉन फारसे गिळत नाही. घोडं अडलंय ते नळीच्या टोकाशी: हा पदार्थ धातूसारखा वितळवून वेल्ड करता येत नाही, मग वायू बाहेर पडणार नाही असं बूच बसवायचं कसं?