खिद्रापूरचा मुक्काम

प्रवासाचा बेत ठरू लागला की मध्यमवर्गीय कुटुंबात ‘पाहायचे काय’ या प्रश्नाआधी ‘उतरायचे कोठे’ हा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले तर बेत तडीस जातो. न मिळाल्यास ‘सकाळी निघू, संध्याकाळी परतू’ यावर भागविले जाते. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कृष्णाकाठी, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेल्या खिद्रापूरच्या वाट्याला आजवर हे दुसरे उत्तरच आलेले आहे.

कोल्हापुरापासून सुमारे ६० किलोमीटरवरील या गावातील कोपेश्वराचे मंदिर हे शिलाहारकालीन स्थापत्याचे महाराष्ट्रातील एक श्रेष्ठ लेणे मानले जाते. अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, त्याच्या छताला ठेवलेले वर्तुळाकार मोकळे गवाक्ष आणि मंदिराचा भार पाठीवर पेलणारी हत्तींची रांग यांमुळे जाणकारांची पावले येथे वळतात. सुट्टीच्या दिवशी वाहने येतात, तासा-दोन तासांत छायाचित्रे काढली जातात, चहा घेतला जातो आणि मंडळी नरसोबावाडीच्या दर्शनाला किंवा थेट कोल्हापूरला परततात. मुक्कामाचा विचार बहुतेकांच्या योजनेतच नसतो.

यातील विसंगती अशी की, या मंदिराचे खरे वैभव रात्रीचे आहे. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र डोक्यावर येतो आणि गवाक्षातून उतरलेले चांदणे मंडपाच्या मध्यावर पडते. ते पाहण्यासाठी त्या रात्री लोक लोटतात. परंतु सोहळा संपताच लेकराबाळांसह अंधाऱ्या रस्त्याने परतण्यावाचून अनेकांना गत्यंतर उरत नाही. जे गाव रात्री पाहावे, तेथे रात्र काढण्याची निश्चिती नसावी, हे केवळ पाहुण्याचे दुर्दैव नव्हे. ते गावाचे आर्थिक नुकसानही आहे.

मुक्कामाचे अर्थशास्त्र

दिवसा येऊन जाणारा प्रवासी आपला बहुतेक खर्च शहरात करून येतो. वाहनाचे इंधन, हॉटेलचे भाडे, रात्रीचे जेवण हे सारे बाहेर खर्च होते; गावाच्या पदरात पडतो तो चहा-नारळाचा किरकोळ व्यवहार आणि वाहनांनी उडविलेली धूळ. उलट, एक रात्र राहिलेला पाहुणा दोन वेळचे जेवतो, सकाळी आंघोळीला गरम पाणी मागतो, दूध-भाजी-भाकरीचे पैसे देतो, निघताना गूळ किंवा शेंगा बांधून घेतो. हा पैसा घरातल्या बाईच्या हाती येतो, तिच्याकडून किराणा दुकानदाराकडे, गवळ्याकडे आणि रिक्षावाल्याकडे जातो. तोच रुपया गावात चार हात फिरला, तर त्याची किंमत वाढते.

शिरोळ तालुक्याला अशा जोडउत्पन्नाची निकड आहे. उसाने या तालुक्यात समृद्धी आणली हे खरे. पण अतिरिक्त पाणी व खते यांच्या वापराने येथील बरीच जमीन क्षारपड झाली, हेही तितकेच खरे. त्यात २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांनी कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांची उभी पिके आणि घरे पाण्याखाली घातली. केवळ एका पिकावर विसंबणाऱ्या कुटुंबाला वर्षातील काही आठवडे तरी पिकाबाहेरचा पैसा मिळाला पाहिजे.

यादव राजा सिंघणदेवाच्या तेराव्या शतकातील शिलालेखात कोपेश्वराच्या खर्चासाठी एका गावाचे उत्पन्न तोडून दिल्याची नोंद आहे. गावाने देवळाला पोसण्याची ती व्यवस्था होती. आज देवळाने गावाला थोडासा हातभार लावावा, अशी अपेक्षा केल्यास ती अनाठायी ठरू नये.

लॉज नको, घर हवे

यावर कोणी म्हणेल की, मंदिराशेजारी एखादे चांगले लॉज उभारावे म्हणजे प्रश्न मिटला. वस्तुतः कायद्यानेच ती वाट बंद केलेली आहे. केंद्र-संरक्षित स्मारकापासून किमान १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, अशी तरतूद २०१० च्या दुरुस्तीने झाली. गावकऱ्यांना ती जाचक वाटते आणि तो त्रास खोटा नाही. परंतु त्याच तरतुदीमुळे खिद्रापूरचे खेडेपण अजून टिकून आहे. तेव्हा नव्या इमारतीचा नाद सोडून उभ्या असलेल्या घरांतील खोल्यांकडेच वळणे श्रेयस्कर.

याचा वस्तुपाठ जवळच आहे. सुमारे २० किलोमीटरवरील नरसोबावाडीत दत्तभक्तांची राहण्या-जेवणाची सोय पुजाऱ्यांच्या घरी होण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. लॉज आणि भक्तनिवास नंतर आले; आधी होती ती घरची ओसरी, पंगत आणि वर्षानुवर्षे जपलेले ऋणानुबंध. फिरून येणारा पाहुणा हेच त्या व्यवसायाचे खरे भांडवल होय.

परदेशातही असे प्रयोग झाले आहेत. इटलीच्या फ्रिउली भागात १९७६ च्या भूकंपानंतर दुरुस्त केलेल्या पण रिकाम्या पडलेल्या घरांचा पाहुण्यांसाठी उपयोग करण्याची कल्पना पुढे आली. खोल्या गावभर विखुरलेल्या, व्यवस्था मात्र एकत्र. त्याच देशाने १९८५ साली शेतघरातील पाहुणचाराला कायद्याने मान्यता दिली, परंतु शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे अशी अटही घातली. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. धोरण कागदावर आहे; ते खिद्रापूरच्या उंबऱ्यापर्यंत नेण्याचे काम उरते.

दोन्ही बाजूंचे कर्तव्य

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. पाहुणे ठेवण्यास तयार असलेल्या दहा-बारा घरांची नोंद ग्रामपंचायतीने करावी. दर ठरवून ते फलकावर लावावेत. पाहुणे पाळीपाळीने घरोघर पाठवावेत, म्हणजे हेवेदाव्यांना वाव राहणार नाही. खोलीला रंग देण्यापूर्वी शौचालय व न्हाणीघर स्वच्छ असावे. पूररेषेखालच्या घरांनी पावसाळ्यात पाहुणे घेऊ नयेत. आपला अनुभव असा की, पहिल्या हंगामात दर भरमसाट वाढविले जातात आणि दुसऱ्या हंगामात पाहुणे येत नाहीत. हा मोह आवरता आला नाही, तर सारी योजना फोल ठरेल.

प्रवाशानेही आपला बेत डोळसपणे आखावा. जुलै-ऑगस्टमध्ये नद्यांच्या पुराचा अंदाज घेतल्याशिवाय निघू नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्रिपुरी पौर्णिमेचा सोहळा पाहायचा असेल, तर मुक्कामाची निश्चिती आधी करावी. निवांतपणे शिल्पे पाहायची असतील, तर तो दिवस आणि नरसोबावाडीच्या पौर्णिमांची गर्दी दोन्ही टाळावी. रेल्वेने येणाऱ्यास जयसिंगपूर किंवा मिरज सोयीचे. तेथून नरसोबावाडी आणि संगमापलीकडचे कुरुंदवाड करीत पुढे जाता येते. येण्याची आगाऊ वर्दी द्यावी, जेवण गावातच घ्यावे आणि ठरलेल्या दरात घासाघीस करू नये. पिठले-भाकरीच्या ताटामागेही कोणाचे तरी पहाटेपासूनचे कष्ट असतात.

खेड्यातून शिकायला येणाऱ्या मुलांची राहण्याची आबाळ होते हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली. डोक्यावर छप्पर मिळाले तरच गावचा मुलगा शहरात टिकेल, हे त्या राजाने जाणले होते. आज प्रवासाची दिशा उलटी आहे. शहरातला माणूस चार घटका खेड्यात येऊ पाहत आहे. त्याला रात्रीपुरते छप्पर देण्याची व्यवस्था झाली, तर खिद्रापूरच्या चार पोरांना पोटासाठी शहर गाठण्याचा निर्णय कदाचित पुढे ढकलता येईल. पुढच्या त्रिपुरी पौर्णिमेपूर्वी ग्रामपंचायतीने निदान दहा खोल्यांची यादी तरी तयार करावी. आरंभाला तेवढे पुरे आहे.