कॅमेरा घेताय? ‘बिल नको असेल तर स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्यापासून जपून

तुळशीचं लग्न लागलं की तालुक्यातल्या फोटोग्राफरांची कॅमेरा बदलायची गडबड सुरू होते. लग्नसराईच्या ऑर्डर हातात असतात आणि जुनी बॉडी ऐन मुहूर्तावर दगा देईल अशी धास्ती असते. मग कुणी मित्राच्या ओळखीनं, कुणी मोबाईलवर भाव बघून थेट मुंबई गाठतो. फोर्टातल्या बोरा बाजारात चोख व्यवहार करणारे दुकानदार भरपूर आहेत. पण गावाकडचा माणूस, खिशातली रोकड आणि रात्रीच्या परतीच्या गाडीची घाई असं सगळं एकत्र दिसलं की गंडवणाराही भेटतोच.

सुरुवात फोनवर होते. भाव पाच-सात हजारांनी कमी सांगितला जातो. दुकानात गेल्यावर ‘तो पीस आत्ताच गेला, हा घ्या, याच्याहून भारी आहे’ असं ऐकवतात. किंवा कॅमेरा त्याच भावात देतात, पण बॅटरीचे पैसे वेगळे मागतात. बॅटरी खरं तर कंपनीच्या बॉक्समध्येच येते. बॉक्समध्ये काय काय असतं याची यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते, ती घरूनच मोबाईलमध्ये घेऊन जावी.

सगळ्यात महागात पडतो तो बिनबिलाचा सौदा. डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ६० हजारांच्या कॅमेऱ्यावर १० हजार ८०० रुपये कर. तेवढे वाचतात म्हटल्यावर कुणाचंही मन डळमळणार. पण असा माल बऱ्याचदा ‘ग्रे मार्केट’चा असतो. कॅमेरा अस्सल, मात्र कंपनीच्या भारतातल्या शाखेमार्फत आलेला नाही. मग ‘दुकानाची वॉरंटी’ म्हणून एक कार्ड हातात ठेवतात, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये त्याला कुणी विचारत नाही. ओळखायचं कसं? आयात मालाच्या बॉक्सवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर सौदा सोडावा. बॉडीवरचा सिरीयल नंबर, बॉक्सवरचा नंबर आणि बिलातला नंबर एकच हवा.

वापरलेली बॉडी पुसूनपासून नवी म्हणून खपवण्याचा प्रकारही चालतो. त्यावर उपाय शटर काउंट. निकॉनच्या फोटो फाईलमध्ये तो आकडा मिळतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलना वेगळं सॉफ्टवेअर लागतं. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, त्यामुळे ‘नव्या’ कॅमेऱ्यात हजारांतला आकडा दिसला तर काय ते समजून जावं.

आता फसवणूक झालीच तर? ‘तुम्ही धंद्यासाठी घेतला, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही’ असं सांगून दुकानदार फोन ठेवतात. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतःच्या मेहनतीवर पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा माणूस ग्राहकच धरला आहे. एकट्यानं लग्नाची कामं करणारा फोटोग्राफर यात बसतो. बिल न देणं ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. खरेदी मुंबईची असली तरी तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो, ऑनलाइनही. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. सोबत बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि दुकानदाराशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडावं. रोख दिलेले पैसे सिद्ध करताना नाकीनऊ येतात, म्हणून रक्कम दुकानाच्या नावाच्या खात्यावरच पाठवावी. मालकाच्या मेहुण्याच्या नंबरवर नको. कुरियरनं मागवला असेल तर बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ सील दिसेल असा काढून ठेवावा.