किमची जगभर गाजली, मग कोरिया ती आयात का करतो?

कोबीला मीठ लावून, मिरचीपूड, लसूण, आले आणि बहुधा खारवलेली मासळी घालून आंबवलेली किमची आता जगभरातील सुपरमार्केटमध्ये मिळते. हिवाळ्याआधी सगळ्यांनी मिळून किमची घालण्याच्या ‘किमजांग’ प्रथेला २०१३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले.

मात्र दक्षिण कोरियातील अनेक हॉटेलांत पानात पडणारी किमची चीनची असते. कारण ती स्वस्त पडते. २०२० मध्ये चीनच्या ‘पाओत्साय’ या आंबवलेल्या भाज्यांना आयएसओ मानक मिळाले. त्यात किमचीचा समावेश नव्हता, तरी ‘किमची कोणाची’ हा वाद पेटला.

त्यातच कोबीला थंड हवा लागते. तापत्या उन्हाळ्यांमुळे गांगवॉनच्या डोंगराळ भागातील पीक संकटात आहे. मागणी वाढली, तरी कोबी घरचा राहील का, ही कोरियाची खरी चिंता आहे.